गुर्गेनचा उशीर

आर्पिने विसरली असेल, यावर सातेनिकचा विश्वास बसत नव्हता. विसरणं तिच्या या मुलीच्या स्वभावातच नव्हतं. शाळेत असताना कुणी आपल्याला वाढदिवसाला बोलावलं नव्हतं, हे ती अजून नावानिशी सांगायची. आजीला पुरायच्या दिवशी बाप किती उशिरा उगवला आणि तेव्हा त्याने कुठला कोट घातला होता, हेही. अशी मुलगी ऐन कामात, कामातली सगळ्यात साधी गोष्ट करायला विसरते आणि त्याचा फटका नेमका तिच्या बापालाच बसतो. औषधांच्या दुकानात गोळ्या बाटलीत भरताना, घरी कांदा चिरताना, गाडी लाल दिव्याला थांबली की सातेनिकच्या मनात तेच यायचं. मुलगी खोटं बोलली असेल याची तिला तितकी काळजी नव्हती. खरं काय असेल, याची होती.

लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेलमधल्या त्या घरामागच्या गॅरेजमध्ये आता गाडी राहत नव्हती, आर्पिने राहत होती. झोपायची तिथे आणि कामही तिथेच. भिंतींना आवाज अडवणारे गादीसारखे जाड फलक, बुजवलेली खिडकी, टेबलावर संगणकाचे दोन पडदे, दोन स्पीकर आणि पियानोच्या पट्ट्यांचा लांबलचक कीबोर्ड. शेजारच्यांचा माळी पानं उडवायचं यंत्र घेऊन आला की ती दार उघडून हाताची घडी घालून त्याच्याकडे नुसती बघत उभी राहायची. तो यंत्र बंद करून झाडू घ्यायचा. संध्याकाळी सातेनिक शेजारणीला जर्दाळूच्या मुरांब्याची बरणी नेऊन द्यायची. त्या वर्षात बऱ्याच बरण्या गेल्या.

आर्पिने किप हॉलस्ट्रॉमकडे कामाला होती. किप टीव्हीच्या मालिकांना संगीत द्यायचा. द्यायचा म्हणजे पियानोवर कशीबशी एक धून वाजवून आर्पिनेला पाठवायचा आणि सोबत लिहायचा, 'मोठं कर. दुःखी, पण महागडं वाटलं पाहिजे.' संध्याकाळपर्यंत आर्पिने त्या धुनेचा साठ माणसांचा वाद्यवृंद करून द्यायची, एकाही माणसाशिवाय. खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन तो साठवून ठेवलेला असतो. कीबोर्डची पट्टी दाबली की तो साठवणीतला सूर बाहेर येतो. मालिकेच्या शेवटी नाव किपचं यायचं. आर्पिनेचं नाव एकदा आलं होतं, तेही चुकीचं.

या कामातली मेख सातेनिकला हळूहळू समजली होती. एका कंपनीची व्हायोलिनं ऐकायला पातळ वाटतात, म्हणून त्यावर दुसऱ्या कंपनीची चढवायची, त्यावर एखादं एकटं व्हायोलिन. थरावर थर. पण एका थरातला सूर पट्टी दाबल्याबरोबर उमटतो, दुसऱ्यातला श्वास घेऊन मग उमटतो. म्हणून आळशी थर थोडा पुढे ओढावा लागतो. तसा ओढून सगळ्यांना एका रेघेवर आणून उभं केलं की मात्र भलतंच होतं. साठ माणसं एकाच क्षणी, केसभरही मागेपुढे न होता सुरू होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी दाराची महागडी घंटा वाजवली.

यावर सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की सगळे सूर आपोआप थोडे इकडे थोडे तिकडे सरकतात. त्या बटणाचा आर्पिनेला मनापासून तिटकारा होता.

"हे माणसांसारखं वाजवायचं बटण नाहीये, दारू पाजायचं बटण आहे," ती म्हणायची. "माणसं अशी वाटेल तशी मागेपुढे होत नाहीत. जो लवकर येतो तो नेहमी लवकर येतो. जो उशिरा येतो त्याला उशिरा यायचं कारण असतं. प्रत्येकाचा उशीर ज्याचा त्याचा असतो."

"उशिराबद्दल मला शिकवू नकोस," सातेनिक म्हणायची. "एका उशीरवाल्याबरोबर मी वीस वर्षं काढलीत."

तो उशीरवाला म्हणजे गुर्गेन, आर्पिनेचा बाप. आर्मेनियातल्या येरेवानच्या संगीत महाविद्यालयातून शिकून आलेला व्हायोलावादक. व्हायोला म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं, आवाजाने खालचं वाद्य, ज्याच्यावर वाद्यवृंदातले बाकीचे विनोद करतात. गुर्गेनवर करायची कुणाची छाती नव्हती. इथे आल्यावर तो सिनेमाच्या आणि टीव्हीच्या रेकॉर्डिंगला वाजवू लागला आणि लवकरच व्हायोलांच्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसला. घरी जेवायला उशिरा, मुलीच्या शाळेत उशिरा, बिलं भरायला उशिरा. पण वाजवताना त्याचा तो किंचितसा उशीर लोकांना फार प्यारा होता. सगळे सुरू झाले की त्यांच्या मागोमाग, पायघोळ झग्याच्या घोळासारखा, व्हायोलांचा सूर यायचा. कंडक्टर म्हणायचे, गुर्गेन असला की संगीताला वजन येतं. सातेनिक म्हणायची, ते वजन घरी उचलायला मी असते.

मुलीला त्याने लहानपणी व्हायोलिन शिकवायला घेतलं होतं. पेन्सिलीने स्टँडवर ठोके देत तो बसायचा आणि आर्पिने बरोबर ठोक्यावर वाजवायची, एकही न चुकता. एके दिवशी त्याने पेन्सिल खाली ठेवली. "तुझ्या हातात घड्याळ आहे, पोरी," तो म्हणाला. "वाद्य ठेव कपाटात. तुझा वेळ वाया जातोय आणि माझाही." पोरीने व्हायोलिन कपाटात ठेवलं ते पुन्हा काढलं नाही. रडलीही नाही. पुढे गुर्गेन घर सोडून व्हॅन नाइजला राहायला गेला, तेव्हाही ती रडली नव्हती. तेव्हा सातेनिकला त्याचं बरं वाटलं होतं. आता वाटत नव्हतं.

बापलेकीचं सगळ्यांसमोर वाजलं ते बारशाच्या मेजवानीत. बारसं गुर्गेनची बहीण क्नारिक हिच्या नातवाचं. हॉल भाड्याने घेतलेला, टेबलं सळयांवर भाजलेल्या मांसाने आणि वांग्याच्या ताटांनी भरलेली. कोपऱ्यात एक जण कीबोर्डवर दुदुक वाजवत होता. दुदुक म्हणजे आर्मेनियन लोकांची जर्दाळूच्या लाकडाची रडवी सनई. ती कीबोर्डवर वाजलेली ऐकून गुर्गेनचा घास घशात अडकला.

"ऐका," तो टेबलाला म्हणाला, "जर्दाळूचं झाड प्लास्टिकचं झालं. माझी मुलगी हेच करते. त्यावर पोट भरते."

"पपा, जेव गुपचूप," आर्पिने म्हणाली.

"लाजतेस कशाला? सांग ना त्यांना. प्रेतांना पावडर-लाली लावून बसवते ही. मग नातेवाईक येऊन म्हणतात, अगदी जिवंत दिसतोय हो."

टेबलावरचे हसले. कुणीतरी म्हणालं, पैसे जिवंत मिळतात ना, झालं तर. त्यावर आणखी हसले.

आर्पिनेने काटा खाली ठेवला. "निदान माझी प्रेतं वेळेवर येतात."

"वेळेवर येतात म्हणूनच ती प्रेतं," गुर्गेन म्हणाला आणि त्याने ग्लास वर केला. सगळ्या टेबलाने वर केला. आर्पिने उठली आणि गाडीत जाऊन बसली. आईची वाट बघत बसली होती असं नाही. गाडीची किल्ली तिच्याकडे होती, एवढंच.

त्यानंतर तीन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. त्यात दोघांचीही सोय होती, आणि सातेनिकला ते सवयीचं झालं होतं. पण या मंगळवारी ती क्नारिकच्या बेकरीत लवाशच्या पातळ रोट्या घ्यायला गेली आणि क्नारिकने तिला काउंटरच्या आत ओढून घेतलं.

"सातेनिक जान, ऐकलंस का? गुर्गेनचा हात गेला."

"कुठे आपटला?"

"आपटला नाही गं. वाजवायचा हात गेला. परवा रेकॉर्डिंग होतं. सगळे पुढे आणि हा मागे, सगळे पुढे आणि हा मागे. सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा थांबवलं म्हणे. त्या मार्लीनने जाताना खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, थोडी विश्रांती घे गुर्गेन, मी फोन करीन."

मार्लीन म्हणजे रेकॉर्डिंगला वादक गोळा करणारी बाई. ती 'मी फोन करीन' म्हणाली की फोन येत नाही, हे लॉस एंजेलिसमधल्या प्रत्येक वादकाच्या बायकोला ठाऊक असतं. माजी बायकोलाही.

"त्याला वाईट सवय आहे मागे राहायची," सातेनिक म्हणाली. "पहिल्यापासून." आणि खोटं कशाला बोला, घटकाभर तिला गार वाटलं. जन्मभर लोकांना ताटकळत ठेवणाऱ्याला शेवटी कुणीतरी म्हणालं, उशीर झाला.

"हसू नकोस," क्नारिक म्हणाली. "तो व्हायोला दुकानात विकायला द्यायचं म्हणतोय. सोमवारी नेणार आहे. जेवत नाही. मला म्हणतो, मला माझं कळत नाही आता, क्नार, मी बरोबर वाजवतोय असं वाटतं आणि सगळे थांबलेले असतात. ज्याला स्वतःचं कळत नाही त्याने हातात धरू नये. आपल्या बापाचं शेवटी काय झालं ते आठवतं ना तुला? तसंच आपलं होणार असं त्याच्या डोक्यात बसलंय."

त्यांचा बाप शेवटी स्वतःच्या मुलांना पाहुणे समजून खुर्च्या द्यायचा. सातेनिकने लवाश पिशवीत घातला. "कुणाचं रेकॉर्डिंग होतं?" तिने जाताजाता विचारलं.

"तुझ्या पोरीच्या त्या साहेबाचं. किप का कोण तो."

आर्पिने त्या दिवशी रेकॉर्डिंगहून आली तेव्हा सातेनिकने सहज विचारलं होतं, कसं झालं? आर्पिने फ्रीजमध्ये डोकं घालून म्हणाली होती, "झालं. मी एक ट्रॅक बंद करायला विसरले, थोडा घोळ झाला." बाप तिथे होता, हे बोलली नव्हती.

तेव्हापासून सातेनिकच्या डोक्यात ते फिरत होतं. शनिवारी दुपारी तिने द्राक्षाच्या पानांतली डोलमा ताटलीत वाढली, वर दही घातलं आणि मागचं अंगण ओलांडून गॅरेजचं दार ढकललं.

"ठोकत जा गं," आर्पिने पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"माझंच दार आहे. खा."

"नंतर."

"गार होईल."

"डोलमा गार पण चांगली लागते. तूच म्हणतेस."

सातेनिक पलंगाच्या कडेवर बसली. पडद्यावर रंगीत आडव्या पट्ट्या होत्या, एकाखाली एक. आर्पिने त्यातली एकेक पकडून माउसने केसभर सरकवत होती, ऐकत होती, पुन्हा सरकवत होती. तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजत होते. वीणकाम उसवून पुन्हा घालणाऱ्या बाईसारखी तिची पाठ वाकली होती.

"मला ऐकव," सातेनिक म्हणाली.

"कशाला?"

"आई आहे म्हणून."

आर्पिनेने खांदे उडवले. तिने तेच चार सूर आधी रेघेवरचे वाजवले. ते दाराच्या घंटेसारखे होते. मग बटण दाबून वाजवले. त्यात माणसं होती, पण लग्नात पिऊन आलेली. मग तिने तिसऱ्यांदा वाजवले, आणि सातेनिकच्या हातातली ताटली तिरकी झाली.

व्हायोलिनं सुरू झाली आणि त्यांच्यामागून, खुर्ची सरकवून, कोट सावरून, मी आलोय आता सुरू करा असा भाव आणत, व्हायोलांचा सूर आला. हा उशीर सातेनिकने वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता. स्वयंपाकघरातून ऐकला होता, बाळंतपणात ऐकला होता, भांडणानंतर ऐकला होता. अगदी दुसऱ्या देशातही तिने तो ओळखला असता.

"हा गुर्गेन आहे," ती म्हणाली.

आर्पिनेने पहिल्यांदा मान वळवली. "कसं कळलं?"

"माझ्या कानावर एवढी वर्षं कुणी वाजवलंय असं वाटतं तुला?"

"तो नाहीये. सूर कंपनीचेच आहेत. फक्त वेळ त्याची आहे." ती खुर्ची फिरवून बसली, आणि एवढ्या दिवसांनी तिचं तोंड सुटलं. बारशाहून आल्यावर तिने चर्चच्या हॉलमधल्या बापाच्या जुन्या वादनाची टेप काढली होती. प्रत्येक सूर ठोक्याच्या किती मागे येतो, ते मोजलं. लांब सुराला जास्त मागे, छोट्याला कमी, वर चढताना जवळजवळ वेळेवर, उतरताना पार रेंगाळत. तो सगळा हिशेब तिने व्हायोलांच्या थरांवर घातला. "तोच म्हणाला होता ना, वेळेवर येतात म्हणून प्रेतं. मग मी त्यांना उशिरा आणलं. त्याच्याच मापाने. किपला वाटतं मी फार हुशार आहे. तीन सीझन झाले, प्रत्येक भागात पपा वाजवतोय, एक पैसा न घेता."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला विचारायला तो माझ्याशी बोलतो कुठे?"

सातेनिकने ताटली कीबोर्डवर ठेवली. आर्पिनेने ती उचलून जमिनीवर ठेवली.

"त्या दिवशी काय झालं, नीट सांग," सातेनिक म्हणाली. "मला समजेल असं."

"सांगितलं ना. विसरले."

"काय विसरलीस?"

आर्पिनेने डोळे मिटून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. एखाद्या मोठ्या भागासाठी खरे वादक बोलावतात, आणि ते वाजवायला बसतात तेव्हा त्यांच्या एका कानात हेडफोन असतो. त्यात ठोक्याची टिकटिक आणि माझं बनावट संगीत. पण ज्यांचं वाजवणं घ्यायचं असतं, त्यांची बनावट वाद्यं कानातून बंद करायची असतात, नाहीतर माणूस त्यांच्यामागे फरपटत जातो. व्हायोला घ्यायचे होते. बनावट व्हायोला बंद करायचे राहिले.

"म्हणजे त्याच्या कानात..."

"तोच. बाकीचे व्हायोलावाले ठोका धरून वाजवत राहिले. शेजारच्या खुर्चीवरचा म्हणाला पण, कानात कुणीतरी वाजवतंय. पपाच त्याला म्हणाला, रडू नकोस, वाजव. त्याला ते खटकणारच नाही ना. अगदी बरोबर वाटणार. आणि त्याची सवय काय? जे ऐकू येतं त्याच्या जरा मागे बसायचं. तर तो त्याच्याही मागे बसला. स्वतःच्याच मागे. दुप्पट उशीर."

"आणि सगळ्यांना वाटलं, म्हातारा झाला."

"हो."

"त्याला पण वाटलं. तो सोमवारी व्हायोला दुकानात देतोय. जेवत नाही. बापासारखं होणार म्हणतो."

बाहेर माळ्याचं यंत्र सुरू झालं, पण आर्पिने उठली नाही.

"आर्पिने, माझ्याकडे बघ. मुद्दाम केलंस?"

"नाही."

"तू विसरणारी नाहीस."

"मग तुला आधीच माहीत आहे ना, मग विचारतेस कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"सुरुवातीला विसरले," आर्पिने म्हणाली. "देवाशपथ विसरले. तो आत आला, नमस्कार नाही, मी बसले होते त्या काचेकडे बघितलं नाही, बसला. मी घाबरले, त्याच्याकडेच बघत राहिले, म्हणून विसरले. त्यांनी वाजवलं, थांबवलं. तेव्हा मला कळलं." ती नखाने टेबलाची कड खरवडत होती. "बटण इथे होतं, हाताखाली. दुसऱ्यांदा वाजवताना मी ते दाबलं नाही. त्यानंतरही नाही."

"का?"

"ओळखेल असं वाटलं."

"काय ओळखेल?"

"स्वतःला. जगातला सगळ्यात मोठा कान ना त्याचा. वाटलं, मधेच थांबेल, वर काचेकडे बघेल आणि म्हणेल, हा कोण वाजवतोय, हे कुणी केलं. मग मी बंद केलं असतं."

"आणि?"

"काही नाही. किप माइकवरून म्हणाला, व्हायोलांनो, झोप झाली का. सगळे हसले. पपाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि कंडक्टरला सॉरी म्हणाला." ती आईकडे बघून हसल्यासारखं करत होती, पण हसत नव्हती. "मी जन्मात त्याला कुणाला सॉरी म्हणताना ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"हो. तुला खरं हवं होतं ना? घे."

सातेनिकला वाटलं, हिच्या थोबाडीत द्यावी. हिला कुशीत घ्यावं असंही वाटलं, आणि दोन्ही न करता ती बसून राहिली. बेकरीत काउंटरमागे आपल्याला जे गार वाटलं होतं, त्याचीच ही पोर. फरक इतकाच की सातेनिकच्या हाताखाली बटण नव्हतं.

"त्याला सांग," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?"

"फोन कर आणि सांग. हात गेलेला नाही. डोकं गेलेलं नाही. कानात तू होतीस."

"सांगितलं की तासाभरात तो किपच्या दारात उभा. मग मार्लीन, मग वादकांची युनियन. खऱ्या माणसाची वेळ चोरून खोट्या वाद्यांना लावली, वर त्याच माणसाला सगळ्यांसमोर नागडं केलं. या शहरात मला कुणी सीडी कॉपी करायलाही बोलावणार नाही, आई. तो ओरडणारच. त्याला ओरडायला निमित्त लागत नाही, आणि इथे तर कारण आहे."

"म्हणून त्याने व्हायोला विकायचा?"

"विकू दे. मीच विकत घेते. बघू दे काय भाव मागतो."

"आर्पिने."

"काय आर्पिने? तू त्याची वकिली कधीपासून करायला लागलीस? मला कपाटात वाद्य ठेवायला सांगितलं तेव्हा तू कुठे होतीस? आता त्याला कळू दे, ठेवताना कसं वाटतं ते."

सातेनिक उठली. ताटली तिथेच राहिली. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "तू नाही केलास तर मी करणार."

"कर. पण मग मी इथे राहणार नाही. हे लक्षात ठेव आणि मग कर."

ती अंगणातून स्वयंपाकघरात आली. तिने गॅसवर कॉफी ठेवली आणि ती उतू जाऊ दिली. आधी तिने अर्धं सांगायचा विचार केला. गुर्गेन, तुझ्या कानात काहीतरी चुकीचं वाजत होतं, मशीनचा दोष, तुझा नाही. पण तो विचारणार, मशीनवर कोण होतं, आणि ते त्या दिवशी तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग पाऊण सांगायचा विचार केला, पोर विसरली, घाबरली होती. हेही खोटं नव्हतं. पण गुर्गेन त्यावर म्हणाला असता, दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा काय? तो संगीतवाला होता. त्याला नेमकं तेच विचारायचं सुचलं असतं. आणि सातेनिकला या घरात आणखी एक अर्धवट गोष्ट जपत बसायची नव्हती.

गुर्गेनची तिला फार दया येत होती असंही नाही. हात शाबूत आहे कळलं की तो पहिल्यासारखाच लोकांना ताटकळत ठेवणार, पुढच्या बारशात पुन्हा काहीतरी टोचून बोलणार. भीती दुसरीच होती. तो सोमवारी व्हायोला देऊन मोकळा झाला, तर आर्पिने त्या गॅरेजमध्ये बसून रोज त्याला वाजवत राहील. खरा बाप खुर्चीत बसून स्वतःच्या डोक्यावर संशय घेत झिजणार आणि पडद्यावरचा बाप हवा तेव्हा सुरू, हवा तेव्हा बंद. आणि एक दिवस पोरीला त्याची सवय होईल. बरं वाटलं, असं ती म्हणाली होती, घटकाभर का होईना. ती घटका लांबली तर ही मुलगी आपल्या हाती लागणार नाही, हे सातेनिकला औषधाच्या मात्रेइतकं स्पष्ट दिसलं. घर सोडून गेली तर निदान रागावून जाईल. रागावलेलं माणूस परत येतं, नाहीतर नाही येत. पण ते आतून तरी जिवंत असतं.

अंगणातून पावलं वाजली. आर्पिने जाळीच्या दाराबाहेर उभी होती, हातात रिकामी ताटली.

"उतू गेलीय कॉफी," ती म्हणाली.

"दिसतंय."

"खरंच करणार आहेस?"

सातेनिकने ओल्या फडक्याने हात पुसले आणि फोन उचलला. आत खोलीत जाऊन, दार लावून बोलायचं असं तिने आधी ठरवलं होतं. आता तिने ते बदललं. जे सांगायचं ते सगळं सांगायचं, दुसऱ्या वेळेचंही, आणि मुलीला ऐकू जाईल असं.

"ठेव ताटली आणि बस," ती म्हणाली. "किंवा जायचं तर जा. मी गुर्गेनला फोन लावतेय."